खानापूर रस्त्यावरचा पाथरवट आणि भुरीचा दगड

बेळगावहून खानापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड लागते. शेडवर पाटी नाही, आत जेमतेम एका दिव्यापुरती वीज आहे आणि बाहेरच्या गवतात पाटे, वरवंटे, दोन-तीन जाती, तुळशीवृंदावनाचे सुटे थर आणि पाय अजून दगडातच अडकलेला एक नंदी असा पसारा मांडलेला असतो. या शेडमध्ये मी गेल्या वर्षी एक स्मृतिशिळा करून घेतली. ती लांडग्याच्या मादीची आहे. असे काम कोणाकडे द्यावे आणि देताना कशाची काळजी घ्यावी, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर माझे दोन महिने आणि थोडे पैसे वाचले असते, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी गिऱ्हाईक कोण ते सांगते. गिऱ्हाईक माझा थोरला भाऊ, अण्णा. त्याची सारी नोकरी सरकारी प्राणिसंग्रहालयात प्राणिपाल म्हणून झाली. २०११ च्या जानेवारीत खडीच्या खाणीचे काम वाढवताना यंत्राने एक बीळ फोडले, त्यातून लांडग्याचे एक जिवंत पिल्लू निघाले आणि वनखात्याने ते अण्णाच्या हवाली केले. पिल्लाचे डोळे उघडलेले नव्हते, म्हणजे वय दहा-बारा दिवसांच्या आतबाहेर. लांडग्याची पिल्ले साधारण त्या सुमाराला डोळे उघडतात. दर दोन-तीन तासांनी बाटलीने दूध पाजायचे आणि पाजून झाले की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलके पुसायचे, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. अण्णाने हे सगळे घोंगडीवर मांडी घालून, रात्री गजर लावून केले. रंगावरून त्याने तिला भुरी म्हटले आणि कागदोपत्री वेगळे नाव असूनही तेच टिकले.

भुरी माणसाळली, पण कुत्रा झाली नाही. हाताने वाढवलेला लांडगा रानात सोडता येत नाही. माणसाची भीती गेलेली असल्यामुळे तो वस्तीकडे येतो आणि मारला जातो. म्हणून तिचे आयुष्य पिंजऱ्यात गेले. ती दोन वर्षांची झाल्यावर अण्णाने तिच्या आवारात शिरणेही थांबवले, कारण वयात आलेला लांडगा खेळता खेळता कधी हक्क सांगेल याचा भरवसा नसतो आणि नियमही तेच सांगत होता. त्यानंतरची सगळी वर्षे त्या दोघांची भेट जाळीतून झाली. जवळच्या साखर कारखान्याचा पाळी बदलण्याचा भोंगा वाजला की ती नाक वर करून त्याच्या सुरात सूर मिसळायची आणि अण्णा घरी जेवताना भोंगा ऐकला की घास हातात धरून थांबायचा, हे मी स्वतः पाहिले आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात ती गेली. लांडग्याच्या मानाने तिला भरपूर आयुष्य मिळाले. अण्णा त्याआधी दोन वर्षे निवृत्त झालेला होता. एका तरुण सहकाऱ्याने फोन केला म्हणून तो वेळेवर पोहोचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. असा प्राणी मेल्यावर त्याचे शवविच्छेदन होते, देह अधिकाऱ्यांसमोर जाळला जातो आणि त्याचे कातडे, नख, दात यांतले काहीही आठवण म्हणून कोणालाही घरी नेता येत नाही. ते सरकारच्या मालकीचे असते. अण्णाने हा नियम उभ्या जन्मात शेकडो लोकांना समजावून सांगितला होता. घरी आल्यावर त्याने ती जुनी घोंगडी ट्रंकेतून काढली. तिच्या विणीत पिल्लाच्या अंगाचे बारीक केस अजून अडकलेले होते. दुसऱ्या दिवशी तो ती घोंगडी घेऊन परत प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापर्यंत गेला, कपड्यांच्या ब्रशाने सगळे केस झाडून काढले आणि मगच घरी आला. त्याला कोणी तसे करायला सांगितले नव्हते.

त्यामुळे मागे काहीच उरले नव्हते आणि म्हणूनच दगड करायचा ठरला.

पहिल्यांदा आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे काळ्या ग्रॅनाइटवर यंत्राने फोटो कोरून देतात. दुकानदाराने फोनवरचे फोटो पाहिले, सगळ्या फोटोंत जाळी आडवी येते म्हणून नाक मुरडले आणि संगणकातून एका अल्सेशियन कुत्र्याचे चित्र काढून म्हणाला, हेच टाकू, लांबून फरक कळत नाही. अण्णा काही न बोलता पायऱ्या उतरला. त्या दुकानाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

पाथरवटाच्या शेडचा पत्ता मला आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाकडून मिळाला. कारागीर साठीच्या पुढचे आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात, हाताखाली एक भाचा आहे. मुख्य धंदा पाट्या-जात्यांचा आणि देवळांच्या कामाचा. मिक्सर आल्यापासून पाट्याला टाकी लावून घेणारे कमी झाले, अशी तक्रार ते प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ करतात. मी आमची मागणी सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, ही मला पहिली जमेची बाजू वाटली. उलट त्यांनी विचारले, “लढून मेली काय ओ?” वीरगळाचा, म्हणजे लढून मेलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा, हिशेब त्यांच्या डोक्यात होता: खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर कैलास आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मी त्यांना मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरच्या शिलालेखाची हकिकत सांगितली. इ. स. ९४९-५० च्या सुमाराच्या त्या दगडावर रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याची नोंद आहे आणि तो दगड आज बेंगळुरूच्या संग्रहालयात आहे. मामांनी ती लक्षपूर्वक ऐकून घेतली. पण अण्णा म्हणाला, “ती लढली नाही. झोपेत गेली.” तेव्हा अप्सरा आणि कैलास रद्द झाले, चंद्रसूर्य तेवढे राहिले.

दगडाच्या निवडीत मामांनी दाखवलेली जाण हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे. खानापूरच्या पश्चिमेला मुबलक मिळणारा जांभा त्यांनी पहिल्याच वाक्यात बाद केला, कारण तो भोकाभोकांचा असतो, घराच्या भिंतीला चांगला, पण त्यात डोळा कोरता येत नाही. काळवत्री पाषाणात बारीक काम उत्तम उतरते आणि तो शंभर पावसाळे काढतो, पण भुरी काळी नव्हती. अखेर त्यांनी गोकाक भागातला तांबूस-पिवळसर वालुकाश्म सुचवला. तो पाण्याने ओला केला की त्याचा रंग उन्हाळ्यातल्या लांडग्याच्या पाठीसारखा होतो, हे त्यांनी तांब्याभर पाणी ओतून दाखवले तेव्हा अण्णा खाली बसून त्या ओल्या डागावर बराच वेळ हात फिरवत राहिला. तोट्याची बाजूही मामांनी लपवली नाही. हा दगड वाळूच्या कणांचा असल्यामुळे छिन्नीची धार खातो, दर थोड्या वेळाने छिन्नी पाजळावी लागते, म्हणून मजुरी जास्त. शिवाय तो पाणी पितो, त्यामुळे पावसाळी भागात शेवाळ लवकर धरतो. त्याची धूळ छातीला वाईट असते हे मामांना पक्के ठाऊक आहे, तरी भाचा तोंडाला साधा रुमाल बांधून काम करतो, हे मला खटकले आणि मी तसे बोललेही.

अण्णाची एकच अट होती. खाणीतून नव्याने काढलेला दगड नको. कारण त्याने सांगितले नाही, मामांनीही विचारले नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी पाडलेल्या एका जुन्या घराची पायरी मिळवली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सहा इंच जाड, वजन दीडशे किलोच्या आसपास. तिची एक कड माणसांच्या पायांनी झिजून गोल झाली होती. ती कड छाटून सरळ करण्याऐवजी त्यांनी ती तशीच वरच्या बाजूला घेतली.

आता मुख्य काम, म्हणजे आकृती. मामांनी दगडावर खडूने काढलेले पहिले चित्र लांडग्याचे नव्हते, सिंहाचे होते. छाती पुढे, मानेवर आयाळ, एक पंजा वर. त्यांचा दोष नाही. खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या जुन्या देवळांच्या परिसरात ज्याचा हात शिकला त्याच्या हातून गोव्याच्या कदंब राजांचा सिंहच उतरणार. दुसरे चित्र कुत्र्याचे झाले, शेपटी वर वळलेली आणि कपाळ उठलेले. तिसऱ्या वेळी अण्णा फोटो बाजूला ठेवून स्वतः शेडच्या मधोमध उभा राहिला. साठी ओलांडलेल्या माणसाने गुडघ्यांत वाकून, डोके खांद्यांच्या रेषेखाली नेऊन, लांडगा कसा चालतो ते दाखवले. पाय लांब, छाती अरुंद, शेपटी सरळ खाली सोडलेली, कान मोठे आणि सारखे हलणारे; मागचा पाय पुढच्या पायाच्याच ठशात पडतो, त्यामुळे तो चालतो तेव्हा धुळीत एकच ओळ उमटते. आपल्याकडचा लांडगा हिमालयातल्यासारखा केसाळ नसतो, बरगड्यांची रेघ दिसते, आणि नवख्या माणसाला तो उपाशी कुत्रा वाटतो. मामा एका हाताने खडू चालवत होते आणि दुसऱ्या हाताने अण्णाला थांब, परत, असे खुणावत होते. तिथे उभी असताना मला हसू येत होते आणि ते येऊ नये असेही वाटत होते.

चित्र जमल्यावर मामांनी फोनवरचा एक फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारले, “अण्णा, जाळी ठेवू की काढू?”

प्रश्न कारागिराचा होता. जाळी कोरायची तर आधी उभ्या-आडव्या रेघा सोडून मगच आकृती खोदावी लागते, नंतर तो विचार बदलता येत नाही. अण्णा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काढा.” तेरा वर्षांत मी भुरीला अनेकदा पाहिले होते, पण जाळीशिवाय कधीच नाही. दगडावर ती मला पहिल्यांदा सबंध दिसली. मामांनी तिचा चेहराही बघणाऱ्याकडे वळवला नाही. ती एका बाजूला, कशाचा तरी कानोसा घेत चालली आहे. वाट पाहणारा, मालकाकडे टक लावून बघणारा प्राणी कोरून द्यायला सोपा असतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणीही पटकन येते. तो मोह त्यांनी टाळला.

यानंतर चूक झाली, तीही लिहिणे भाग आहे. दगडावर फक्त नाव आणि दोन साले घालायची होती. कानडीत की मराठीत, हे मामांनी विचारले, आमच्या भागात विचारावेच लागते. अण्णा तिला हाक कानडीतून मारायचा, कारण तिथल्या सगळ्या सहकाऱ्यांची भाषा ती होती, आणि नाव मात्र घरचे, मराठी. नाव मराठीत ठरले. मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले आणि कोरण्याआधी खडूने काढून मला दाखवा, असे दोनदा बजावले. मामा गावाला गेलेले असताना भाच्याने परस्पर ‘भूरी’ असे दीर्घ ऊकार देऊन कोरून टाकले. शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याआधीचा उकार ऱ्हस्व, हा नियम मी तीस वर्षे फळ्यावर लिहिला. पोरांच्या वहीत लाल शाईने दुरुस्त करता येते, दगडावर काय करणार? मामांनी भाच्याला माझ्यासमोर झापले, ते मला आवडले नाही, आणि नंतर तेवढा भाग बोटाच्या पेराएवढा खाली उतरवून नाव नव्याने कोरले. पैसे घेतले नाहीत. मात्र नाव आता थोड्या खोलगट जागी आले आहे, तिथे पाणी थांबते, आणि शेवाळाची पहिली हिरवी कड तिथेच दिसू लागली आहे. ज्यांना यांच्याकडे अक्षरे कोरून घ्यायची असतील त्यांनी त्या दिवशी स्वतः जाऊन बसावे. फोनवर विसंबू नये. फोन तसाही उचलला जात नाही.

दराविषयी: आधी चौदा हजार ठरले होते, शेवटी साडेसोळा द्यावे लागले, कारण छिन्न्या जास्त लागल्या. टेम्पोचे तीन हजार वेगळे. पावती मिळत नाही, पैसे रोख किंवा भाच्याच्या फोनवर. काम पाडव्यापर्यंत देतो म्हणाले आणि दिले मृग लागल्यावर, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तेही भर पावसात. या उशिराबद्दल मी नाराज आहे. रामनवमीला दिलेला शब्द, अक्षय्य तृतीयेला दिलेला शब्द, असे तीन शब्द मोडले. देवळाचे काम आले की घरगुती गिऱ्हाईक मागे पडते. एखाद्या तिथीलाच दगड बसवायचा असेल तर त्यांनी सांगितलेल्या मुदतीत सरळ तीन महिने मिळवावेत.

दगड निपाणीजवळ अण्णाच्या शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली बसवला. बसवायला मामा स्वतः आले, एक फूट जमिनीत गाडला, तळाशी खडी आणि वाळू भरली म्हणजे पाणी वर चढत नाही, असे समजावून सांगितले. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. शेताच्या बांधावर प्राण्याची आकृती असलेला दगड उभा राहिला की आपल्याकडे त्याचा देव व्हायला आठवडा लागत नाही. नवव्या दिवशी कोणीतरी कपाळावर तेलात कालवलेला शेंदूर लावून, नारळ फोडून गेले. काळ्या दगडावरून शेंदूर खरवडता येतो, पण वालुकाश्म तेल पिऊन टाकतो. मी मामांना विचारायला पुन्हा शेडवर गेले तेव्हा ते म्हणाले, “घासू नका बाई. घासलं तर कानाची कड जाईल. दोन पावसाळ्यांत फिका होतोय तो.” कपाळावर लालसर डाग अजून आहे. ज्यांना वालुकाश्म घ्यायचा आहे त्यांनी आधी शेजारपाजारच्या वस्तीला दगड कशाचा आहे ते सांगून ठेवावे.

याच शेतात दरवर्षी सुगी संपली की खतासाठी धनगराची मेंढरे बसवतात. या वर्षी कळप आला तेव्हा मला थोडी धास्ती होती, कारण ज्याची कोकरे लांडग्याने नेली आहेत त्याच्या डोळ्यांसमोर आपण लांडग्याचा दगड उभा केला होता. धनगर संध्याकाळी बांधावर आला. काठी बगलेत धरून त्याने दगड पुढून पाहिला, बाजूने पाहिला, वाकून शेपटी पाहिली. अण्णा कट्ट्यावर त्या घोंगडीवर बसला होता.

“लांडगाच हाय,” धनगर म्हणाला. “पण रानातला न्हवं. पोटभर जेवलेला दिसतोय.”

“होय,” अण्णा म्हणाला. “मीच घालत होतो.”

धनगराने त्याच्याजवळ बसून चंची काढली.